दोनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर: आईच्या आठ केमोंनंतर लिहितेय

थर्मामीटरचा कोणी एवढा मोठा रिव्ह्यू लिहितं का असं वाटेल, पण आईच्या आठ केमो झाल्या, साडेपाच महिने हा थर्मामीटर तिच्या उशीपाशी होता आणि घरात विकत आणलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला, म्हणून लिहितेय. ज्यांच्या घरात आत्ता कोणाची केमो चालू आहे किंवा व्हायचीये त्यांनी तरी वाचा.

आधी वस्तू सांगते. मेडिकलमध्ये मिळतो तो साधा, पांढरा, काडीसारखा, पुढे धातूचं टोक आणि मधे छोटा स्क्रीन, बटण दाबलं की बीप, जिभेखाली ठेवला की मिनिटभराने परत बीप बीप. दोनशे रुपयांच्या आत मिळाला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण तीच घ्या असं माझं म्हणणं नाही, चांगल्या कंपनीचा साधा कुठलाही चालेल, फक्त डबीवर अचूकता लिहिलीये का ते बघा, आमच्यावर अधिक-उणे 0.2 डिग्री फॅरनहाइट असं आहे.

आम्ही सातारला राहतो, आईची ट्रीटमेंट पुण्याला. ब्रेस्ट कॅन्सर, आधी चार लाल रंगाच्या औषधाच्या केमो आणि मग चार पॅक्लिटॅक्सेल नावाच्या औषधाच्या, सगळ्या 21 दिवसांच्या अंतराने. पहिल्या केमोच्या दिवशी डॉक्टरांनी बाकी सगळं समजावलं, केस जातील, तोंड येईल, उलटीच्या गोळ्या अशा घ्या, आणि शेवटी एक कार्ड हातात दिलं, त्यावर लिहिलं होतं की पेशंटची केमोथेरपी चालू आहे, 38 डिग्री किंवा जास्त ताप असेल तर इमर्जन्सी समजावी, खाली त्यांचा नंबर. आणि मला म्हणाले, "घरात थर्मामीटर आहे का? नसेल तर आज गाडीत बसायच्या आधी घ्या." आमच्याकडे होती ती कोविडच्या वेळी घेतलेली कपाळावर धरायची गन, मी म्हटलं आहे ना. ते म्हणाले, ती नको, तोंडात धरायचा घ्या. मला तेव्हा वाटलं काय फरक पडतो, पण घेतला, आणि घेतला म्हणून बरं झालं.

आता 38 म्हणजे किती हे आधी सांगते कारण यात आमचाही गोंधळ झाला होता. कार्डावर सेल्सिअस आणि आमचा थर्मामीटर फॅरनहाइट दाखवतो. 38 सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइट. हे 100.4 मी चिकटपट्टीवर लिहून थर्मामीटरच्या डबीला लावलं. बऱ्याच थर्मामीटरमध्ये बटण धरून ठेवलं की सेल्सिअस-फॅरनहाइट बदलतं, एकदा बाबांकडून चुकून बदललं आणि त्यांना 36.8 दिसलं, ते घाबरून हाका मारायला लागले की अगं हिचं अंग गार पडलंय, तर घरातल्या सगळ्यांना आकड्याच्या बाजूला सी आहे का एफ ते आधी बघायला शिकवा.

तर झालं असं. दुसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात असं सांगितलं होतं, म्हणून ज्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशोब लिहितो ना त्यावर मी ते आठ दिवस लाल पेनाने चौकट करून ठेवले होते. रात्री जेवताना आई म्हणाली जरा कणकण वाटतेय. गनने बघितलं, 98.1. बाबा म्हणाले नॉर्मल आहे, झोपू दे तिला. सव्वादोनला मला तिच्या खोलीतून आवाज आला म्हणून गेले तर हुडहुडी भरलेली, दोन गोधड्या घेऊन दात वाजत होते. परत गन लावली, 97.9! हात लावला तर मान तापलेली. मग काडीवाला काढला, जिभेखाली धरून ओठ मिटायला सांगितले, ते एक मिनिट फार मोठं वाटलं, बीप झाला आणि आकडा आला 100.8.

आई म्हणाली, "अगं एवढासा तर ताप आहे, एक क्रोसिन दे, सकाळी बघू." माझा हात खरंच डब्याकडे गेला होता. पण डॉक्टरांनी दोन गोष्टी अगदी बजावून सांगितल्या होत्या, एक म्हणजे आम्हाला विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल (म्हणजे क्रोसिनच) द्यायची नाही, कारण ताप उतरतो आणि इन्फेक्शन आत तसंच वाढत राहतं, आकडा मात्र चांगला दिसतो. आणि दुसरं, रात्री कितीही वाजता फोन करा, सकाळची वाट बघायची नाही. फोन केला. ते म्हणाले पुण्याला यायचं बघू नका, घाट उतरून येईपर्यंत अडीच तास जातील, जवळच्या हॉस्पिटलला जा, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि ब्लड कल्चर (रक्तात जंतू उगवतात का ती तपासणी) पाठवा आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करा, मग बोलू.

जवळच्या हॉस्पिटलमध्ये (नाव लिहीत नाही) ड्युटीवरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले व्हायरल चालूये सगळीकडे, 100 च तर आहे, गोळी देतो, सकाळी ओपीडीत दाखवा. रागावून उपयोग नव्हता, मी कार्ड पुढे केलं आणि पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. दोन मिनिटं बोलणं झालं आणि मग मात्र सगळे पळायला लागले. सिस्टरनी आईच्या केमो पोर्टमधून (केमो द्यायला कातडीखाली बसवतात ते) एक आणि हातातून एक असं दोन ठिकाणचं रक्त कल्चरसाठी घेतलं आणि पावणेतीनला पोचलो होतो तर साडेतीनच्या आत पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम या अँटिबायोटिकची पहिली बाटली लागली. अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं असतं हे मला नंतर कळलं. रिपोर्ट आला तेव्हा पांढऱ्या पेशी एकूण 900 आणि त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 22 टक्के. म्हणजे लढणाऱ्या पेशी जेमतेम दोनशे, 500 च्या खाली गेल्या की धोका फार वाढतो.

हा हिशोब शिकून घ्या, अवघड नाही. रिपोर्टमध्ये टोटल डब्ल्यूबीसी (एकूण पांढऱ्या पेशी) बघायचं आणि त्याला न्यूट्रोफिलच्या टक्क्याने गुणायचं, 900 चे 22 टक्के म्हणजे 198. काही लॅब हा आकडा एएनसी म्हणून वेगळा छापतात, काही छापत नाहीत. नुसती टोटल बघून समाधान मानू नका.

आता तुम्ही म्हणाल एवढ्या-तेवढ्या तापाचं एवढं काय. हे मला आईच्या ॲडमिटमध्ये राउंडला आलेल्या डॉक्टर मॅडमनी समजावलं. आपल्याला जखम झाली की लाल होते, सुजते, पू होतो, खोकला झाला की कफ पडतो, हे सगळं करतात त्या पांढऱ्या पेशीच. त्याच नसतील तर पू होणार कुठून? घशात, फुप्फुसात, लघवीत इन्फेक्शन असलं तरी वरून काहीच दिसत नाही, कधी कधी फक्त ताप येतो. मग त्या तापाचा आकडाच चुकीचा कळला तर पुढचं सगळंच चुकतं. आईचं तसंच होतं, खोकला नाही, जुलाब नाही, पोर्टची जागा स्वच्छ, फक्त 100.8. पाच दिवस ॲडमिट होती, कल्चरमध्ये काही उगवलं नाही, बऱ्याच वेळा उगवत नाही म्हणे, पण ताप तिसऱ्या दिवशी उतरला आणि पेशी वर आल्या.

आता गनबद्दल. ती टाकाऊ आहे असं म्हणत नाही, ऑफिसच्या दारात रांगेतल्या पन्नास जणांना बघायला ठीक आहे. पण ती कपाळाच्या कातडीची उष्णता मोजते, पंखा चालू असेल, घाम आला असेल, अंतर कमी-जास्त झालं, टक्कल करून डोक्याला स्कार्फ बांधलेला असेल, सगळ्याने आकडा बदलतो. आणि हुडहुडी भरते तेव्हा वरची कातडी गार पडते आणि आत ताप चढत असतो, म्हणजे नेमकं जेव्हा कळायला पाहिजे तेव्हाच ती कमी दाखवते. अजून एक, बऱ्याच गनमध्ये शरीराचं आणि वस्तूचं असे दोन मोड असतात, आमच्यावर नंतर बघितलं तर तो वस्तूवर गेला होता, दुधाचं पातेलं मोजायच्या मोडवर आम्ही आईला मोजत होतो. मन फार खाल्लं मला त्या गोष्टीने.

काडीवाल्याच्याही अडचणी आहेत, त्या पण सांगते. चहा, गरम पाणी, थंड ताक काहीही घेतलं असेल तर अर्धा तास थांबून मग लावायचा. तोंड नीट मिटलेलं पाहिजे, नाक चोंदलं असेल तर माणूस तोंडाने श्वास घेतो आणि आकडा कमी येतो. तिसऱ्या केमोनंतर आईचं तोंड इतकं आलं होतं की टोक जिभेखाली लागलं तरी डोळ्यातून पाणी यायचं, मग आम्ही काखेत लावायला लागलो. काखेतला आकडा तोंडापेक्षा साधारण अर्धा ते एक डिग्री कमी येतो, तेव्हा आपल्या मनाने त्यात मिळवत बसू नका, डॉक्टरांना सांगताना "काखेत 99.9 आहे" असं सांगा, ते बघतील. काख कोरडी पाहिजे, हात अंगाला घट्ट दाबून धरायचा, आणि आमचा तरी बीप झाल्यावर काखेत अजून दोन-तीन मिनिटं ठेवला की थोडा वर जायचा. गुदद्वारातून मोजायची पद्धत असते ती या पेशंटला अजिबात नाही, तिथल्या नाजूक आवरणाला जरा खरचटलं तरी आतले जंतू रक्तात जाऊ शकतात, एनिमा आणि तिथून घ्यायची औषधंसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

धुवायला सोपा आहे. साबण आणि साधं पाणी टोकाला, किंवा स्पिरिटचा कापूस. उकळत्या पाण्यात घालू नका, माझ्या मावशीने प्रेमाने उकळून आणून दिला तो पहिला थर्मामीटर तिथेच गेला, हा दुसरा आहे. आणि पेशंटचा तो पेशंटचाच, दुसऱ्या आजारी माणसाला लावायचा नाही, भावाच्या मुलाला सर्दी-ताप आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळा आणला.

किती वेळा मोजायचा? लाल चौकटीतल्या दिवसात सकाळी आणि संध्याकाळी, आणि मधे कधीही कणकण, थंडी, गळून गेल्यासारखं वाटलं तर. बाकीच्या दिवसात वाटलं तर. 99.5-100 च्या आसपास दिसलं की अर्ध्या-एक तासाने परत, 100.4 झालं की फोन, आमच्या डॉक्टरांचा हा नियम. काही जण दर तासाला मोजत बसतात, त्याने पेशंट घाबरून जातो. आणि हे पण लक्षात ठेवा की केमोबरोबर स्टेरॉइड देतात, त्याने ताप दबू शकतो, म्हणून थंडी वाजून आली, धाप लागली, लघवीला जळजळ, पोर्टच्या जागी लाली किंवा दुखणं, पेशंट गोंधळल्यासारखं बोलायला लागला, तर आकडा नॉर्मल असला तरी फोन करायचा. थर्मामीटर नॉर्मल म्हणाला म्हणून गप्प बसायचं नाही.

बाकी वस्तूंचं थोडक्यात सांगते. हँड सॅनिटायझरच्या मोठ्या बाटल्या आणल्या, बऱ्या आहेत पण बेसिनपाशी साबण आणि वीस सेकंद हात चोळणं याला तोड नाही, आईने स्वतः धुणं, बाबांनी बाहेरून आल्यावर धुणं आणि जेवण करायच्या आधी मी धुणं, तिघांचंही. मऊ ब्रिसलचा ब्रश घ्या, हिरडीतून रक्त आलं की तिथून जंतूंना वाट मिळते. मास्क पुण्याला जाता-येता एसटी स्टँडवर आणि ओपीडीच्या गर्दीत वापरला. खोलीत एअर प्युरिफायर घ्या असं एकाने सुचवलं, डॉक्टर म्हणाले गरज नाही, मात्र शेजारी बांधकाम चालू होतं तर त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवायला लावल्या, त्या धुळीतून बुरशी फुप्फुसात जाऊ शकते. आईची तुळस आणि कुंड्या मी सांभाळल्या, मातीत हात घालायचा नाही म्हटल्यावर तिला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटलं, केस गेल्याचंसुद्धा एवढं नाही. रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून मला सांगत बसायची, त्या मोगऱ्याला जरा कमी घाल गं पाणी.

खाण्यात आम्ही कच्ची कोशिंबीर, बाहेरचा उसाचा रस, चटणी, पाणीपुरी, अर्धवट उकडलेलं अंडं बंद केलं, फळं धुऊन साल काढून, जेवण गरम आणि ताजं, पाणी उकळून. देवळातलं तीर्थ आणि पंचामृत पण नाही, त्यावरून घरात थोडं बोलणं झालं पण आईनेच ऐकलं. फार कडक पथ्य मात्र डॉक्टरांनी लावलं नाही, म्हणाले सगळंच बंद करून इन्फेक्शन कमी होतं असं अभ्यासात दिसलेलं नाही, उलट पोटभर खाल्लं नाही तर ताकद जाते.

आणि बघायला येणारी माणसं. आपल्याकडे हे फार अवघड आहे. माणसं प्रेमापोटी येतात, सोबत नाक गळणारी नातवंडं आणतात, पेशंटच्या पलंगावर बसतात, गालाला हात लावतात. मी दारावर कागद लावला, "आईची केमो चालू आहे, सर्दी-खोकला-ताप असेल तर कृपया फोनवर बोला." दोन जण रागावले. एक काकू मात्र दर शुक्रवारी खाली रस्त्यावरून हाक मारायच्या आणि आई गॅलरीतून बोलायची, दोघी अर्धा अर्धा तास ओरडून गप्पा मारायच्या.

फ्लूची लस आईला केमो सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी दिली होती, ती इंजेक्शनवाली, आणि आम्ही घरातल्या सगळ्यांनी घेतली. नाकात स्प्रे करायची जिवंत लस असते ती आणि अशा बाकीच्या जिवंत लसी केमो चालू असताना पेशंटला देत नाहीत, म्हणून कुठलीही लस घ्यायच्या आधी केमोच्या डॉक्टरांनाच विचारा.

तिसऱ्या केमोपासून डॉक्टरांनी पेशी वाढवायचं इंजेक्शन सुरू केलं, केमो संपल्यावर 24 तासांनी पोटावर द्यायचं, त्याच्या आधी नाही. पुण्याहून बर्फाच्या डब्यात आणून फ्रिजमध्ये ठेवायचो, फ्रीझरमध्ये नाही, आणि दुसऱ्या दिवशी जवळच्या सिस्टर येऊन द्यायच्या. कंबर आणि मांड्यांची हाडं दोन-तीन दिवस ठणकायची, त्यासाठी कुठली गोळी चालेल ते आधीच लिहून घ्या, कारण इथेही तोच प्रश्न, पॅरासिटामॉल घेतली तर ताप झाकला जातो, तेव्हा गोळी द्यायच्या आधी थर्मामीटर लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा. त्यानंतर ॲडमिट करायची वेळ आली नाही. एकदाच 99.9 झाला होता पाचव्या केमोला, तासाभराने 99.1, मग 98.6. ती वही अजून आहे माझ्याकडे, बाबांचं वळणदार अक्षर आणि माझं घाईतलं.

तर मार्क द्यायचे तर थर्मामीटरला 5 पैकी 4. एक मार्क कापला कारण स्क्रीनला उजेड नाही, रात्री सव्वादोनला मोबाइलचा टॉर्च धरून आकडा वाचावा लागला, शक्य असेल तर उजेडवाला घ्या. सेल छोटा गोल एलआर 41 लागतो, मेडिकलमध्ये किंवा घड्याळवाल्याकडे मिळतो, एक जास्तीचा डबीत ठेवा, आमचा सहाव्या केमोच्या सुमारास संपला आणि नशिबाने दिवसा संपला. घरातल्या निरोगी माणसाला लावून अधूनमधून बघत जा, 97.5 ते 98.8 च्या आसपास येतंय का, नसेल येत तर बदला, दोनशेचीच वस्तू आहे. कपाळाच्या गनला या कामासाठी 5 पैकी 1.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका काकांची केमो सुरू झाली. आई स्वतः मेडिकलमध्ये गेली, त्यांच्यासाठी नवीन घेतला, डबीवर चिकटपट्टी लावून 100.4 लिहिलं आणि त्यांच्या सुनेला मिटलेल्या ओठांनी कसा धरायचा ते स्वतःच्या तोंडात पेन धरून दाखवलं.